सुधारणेच्या रकान्यात निरंक

सौसर,
१९ जानेवारी २०२५

आदरणीय प्रेमलता सिस्टर,

सादर नमस्कार. दीड वर्ष मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा मागते. पत्ता नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. तुम्ही वॉर्डाच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, नंबर बदललात आणि भिलाईला मुलाकडे गेलात, एवढंच कानावर होतं. पण पेन्शनच्या बाबूकडे पत्ता असणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. काल मागितला, त्यानं लगेच काढून दिला. तेव्हा ते कारण खरं नव्हतं.

तुमच्या निरोपाच्या चहाला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "जा, कागदाची नर्स हो." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रोजनिशीत ते वाक्य लिहिलं आणि त्याच्याखाली पुढे काही सुचलं नाही. माझ्या अभ्यासरजेच्या अर्जाचं तुम्हाला माझ्याकडून न कळता ऑफिसातून कळलं, त्याचा तो राग होता का? तेव्हाच विचारायला हवं होतं. आता लिहिताना वाटतं, उत्तर काय येईल ते ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही.

मी छिंदवाड्याला पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी पहाटेच्या बसनं सिलेवानीचा घाट चढायचा, शनिवारी उतरायचा. वर्गातल्या मुली मला आधी मॅडम म्हणायच्या, आता आंटी म्हणतात. पेपर बरे जातात. अडलं आहे ते पोर्टफोलिओपाशी.

पोर्टफोलिओ म्हणजे एक फाइल. दोन वर्षांत आपण काय शिकलो, कसं शिकलो, काय अजून येत नाही आणि ते कसं शिकणार, हे त्यात पुराव्यासकट मांडायचं. मार्चमध्ये बाहेरून परीक्षक येतात आणि ती फाइल समोर ठेवून तोंडी परीक्षा घेतात. फाइल नापास झाली तर वर्ष नापास. माझी अभ्यासरजा जूनमध्ये संपते आणि ती वाढणार नाही, असं लेखी आलं आहे. म्हणजे मार्चमध्ये काय ते व्हायचं, नाहीतर दोन वर्षं घाटातून येजा केली एवढंच हाती राहणार.

मी फाइल फार मन लावून केली होती. लाल रेक्झीनचं कव्हर, आत सगळं लॅमिनेट केलेलं. पल्स पोलिओ, निवडणूक ड्यूटी, नसबंदी शिबिरं, कोविडचं सन्मानपत्र, गोटमारीच्या दगडफेकीच्या दिवशी सावरगावच्या तंबूत टाके घालायला बसवतात त्याची प्रमाणपत्रं, तारखेच्या क्रमानं. आमच्या शिक्षिका मृणाल मॅडम आहेत, तिशीही गाठलेली नाही. त्यांनी फाइल उलटसुलट पाहिली.

"ताई, फारच नीटनेटकं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे तुमचं सर्व्हिस बुक आहे. तुम्ही कुठे आहात यात?"

"पानापानावर फोटो आहे ना माझा."

त्या हसू दाबत होत्या, हे मला दिसलं. मग त्यांनी शेवटचा भाग उघडला. तिथे 'माझ्यात सुधारणेच्या जागा' असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं होतं: निरंक.

"हे काय?"

"काही नाही असलं की असंच लिहितात. रकाना कोरा ठेवला तर ऑडिटवाले विचारतात."

फाइल परत आली. दुसऱ्यांदा केली, तीही परत आली. आता एकदाच देता येईल.

सिस्टर, मला खरंच कळत नाही काय कमी आहे. त्यातलं एक पान तर तुम्हीही पास केलं असतं. तिगावच्या जयवंताबाई तुम्हाला आठवत असतील. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आपल्या वॉर्डात होत्या, संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जातात. त्यांना आता साखर निघाली आहे आणि इन्सुलिन लागलं. डिसेंबरात माझी सामुदायिक पोस्टिंग तिकडेच होती. मी त्यांच्या ओसरीत बसून त्यांना सुई घ्यायला शिकवली, आपण शिकलो तशीच, संत्र्यावर. चेकलिस्टमध्ये पूर्ण गुण मिळाले. हातात सिरिंज आणि संत्रं धरून हसताना त्यांचा फोटो आहे, आणि मागून त्यांचे हात धरलेली मी. नंतर फोन केला तर म्हणाल्या, "घेऊन राहिली ना बाई, रोज." याच्यात माझी कमतरता कुठून आणू?

फाइलमध्ये 'सहकाऱ्याचा अभिप्राय' असं एक पान असतं. ते अजून कोरं आहे. सहज लिहिलं.

वॉर्डात पाळी बदलतानाचा ओव्हर आता रजिस्टरवर सही करून होतो, पलंगापाशी कोणी जात नाही, असं ऐकलं.

तुमची,
इंदू


सौसर,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सिस्टर,

मागच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही. ते येईल असं मी धरून चालले नव्हते, तरी रोज पोस्टमनकडे बघत होते.

आज दुसरंच लिहायचं आहे आणि ते तुम्हालाच लिहिता येईल. जयवंताबाईंचं नाव मी फाइलमध्ये कुठेही घातलेलं नाही, तिथे त्या 'श्रीमती ज.' आहेत. तुम्ही त्यांचं अंग पुसलेलं आहे, म्हणून तुमच्यापाशी नाव घेते.

सोमवारी कॉलेज बुडवून तिगावला गेले. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी गेले नव्हते. मृणाल मॅडमनी त्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'यानंतर काय झालं?' म्हणून मला यानंतरचा एक फोटो हवा होता.

जयवंताबाई ओसरीत बसल्या होत्या. बगीच्यात तोडणी बंद होती असं नाही, पण त्या गेल्या नव्हत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, बाजूला पाण्याचा गडवा. मी बोट टोचून साखर पाहिली. मशीननं आकडा दाखवला आणि मी मशीन चुकलं म्हणून पुन्हा पाहिली. चारशेच्या वर होती.

"मावशी, सुई घेऊन राहिल्या ना?"

"घेऊन राहिली."

"बाटली दाखवा बरं."

माठाशेजारच्या गाडग्यात बाटली नीट ठेवलेली होती. जवळजवळ भरलेली होती. मी ती उजेडात धरून बघत राहिले. त्या म्हणाल्या, "आता कायले पाहून राहिल्या? नाही घेतली म्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिले काही दिवस त्यांनी घेतली. मांडीवर काळेनिळे डाग पडले, दुखू लागलं. एका सकाळी सुई टोचून बगीच्यात गेल्या आणि झाडाखाली घेरी आली, अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरले. जवळचं एक संत्रं सोलून खाल्लं तेव्हा जरा बरं वाटलं. त्या दिवसापासून सुई बंद.

"मग मला फोनवर का नाही सांगितलं?"

"तुमची परीक्षा हाय म्हणे ना. तुम्ही त्या दिवशी म्हणत होत्या, या फोटूवर माह्ये मार्क हायेत. म्हटलं, आपण नाही सांगितलं तं बाईचं काम होऊन जाईल. तुमचं झालं का काम?"

सिस्टर, हे मी दोनदा लिहून खोडलं. मी त्यांना असं म्हणाले होते. हसवण्यासाठी म्हणाले होते, फोटोसाठी त्यांचा चेहरा फारच कडक येत होता म्हणून. आणि ती बाई माझ्या मार्कांसाठी दीड महिना साखर अंगावर काढत होती.

मी त्यांना म्हटलं, मावशी, कशी घेत होतात ते मला एकदा करून दाखवा, फक्त रिकामी सिरिंज धरून. त्यांनी मांडी अशी आवळून धरली, जसं फळ मुठीत धरतात, आणि सुई आडवीतिडवी न करता सरळ, जोरानं खाली. कातडीला चिमटा नाही. अंगावर मांस ते किती त्यांच्या. सुई चरबीत न थांबता थेट स्नायूत जाणार, दुखणार, नीळ पडणार, आणि औषध एकदम अंगात भिनून साखर धाडकन उतरणार. घेरी त्याचीच.

हा जोर त्यांना मीच शिकवला होता. ओसरीतला तो प्रसंग मला जसाच्या तसा आठवला. आपलं संत्रं आतून सुटं, सालीत आणि फोडीत हवा. सिरिंजमधलं पाणी आत न जाता साल आणि फोडींच्या मधून बाहेर सांडत होतं आणि फोटोत ते बरं दिसत नव्हतं. मी म्हणाले होते, "अजून दाबा, अजून आत." आणि संत्र्याला चिमटा घेता येत नाही, म्हणून चिमट्याची पायरी मी नुसती तोंडानं सांगितली आणि चेकलिस्टवर बरोबरची खूण केली. ती खूणही खोटी म्हणता येणार नाही. सांगितलं तर होतंच.

त्यांना पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, डोस बदलला. यावेळी संत्रं नाही. त्यांच्याच दंडावरची कातडी चिमटीत धरून दाखवली, मग मांडीवरची त्यांना धरायला लावली. सुई आत गेली तेव्हा म्हणाल्या, "गेली काय? मले तं समजलंच नाही."

मी त्या वेळी कॅमेरा काढला नाही.

तुमची,
इंदू


सौसर,
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सिस्टर,

तुमचा फोन आला तेव्हा मी घाटात होते, बसमध्ये उभी. अनोळखी नंबर होता म्हणून आधी घेतला नाही, मग घेतला. दीड वर्षानंतर तुमचा आवाज, आणि नमस्काराला जागाच नाही.

"इंदू, शुगर किती आली?"

"उपाशीपोटी एकशे साठ, सिस्टर."

"अन् पाय पाहिले काय तिचे?"

"पाहिले."

"बोटांच्या मधात?"

"ते राहिलं, सिस्टर."

"मग काय पाहिलं डोंबल. मोठी बीएससी करून राहिली."

आणि फोन ठेवलात. शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, "आंटी, रो क्यों रहे हो?" मी म्हटलं, घाटात माझं असंच होतं.

दुसऱ्या शनिवारी घरी न जाता परस्पर तिगावला उतरले आणि बोटांच्या मधात पाहिलं. उजव्या पायाच्या करंगळीजवळ चिखल्या झाल्या होत्या, जखम नव्हती. जयवंताबाईंना म्हटलं, प्रेमलता सिस्टरनी बघायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते अजून रागावते काय? मंग चांगली हाय तब्येत तिची."

फाइलचं सांगते. मी तिसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा प्रश्न असा होता की ते पान ठेवायचं की काढायचं. पान काढलं असतं तर कोणाला कळलं नसतं. त्या जागी लसीकरणाचं एक चांगलं पान तयार होतं. प्रतीकला सगळं सांगितलं. तुम्हाला ठाऊक आहे, माझे मिस्टर तहसीलमध्ये बाबू आहेत, त्यांचं आयुष्य नोटशीटवर गेलं.

"आपल्या हातानं आपली चूक लिहून द्यायची?" ते म्हणाले. "उद्या कोणी माहितीच्या अधिकारात मागितली तं? कोण्या कॉलेजात शिकवून राहिले बाप्पा हे?"

"ते त्याला चिंतन म्हणतात."

"आमच्याकडे त्याले कारण बताओ नोटिशीचं उत्तर म्हणतात. अन् त्याच्यात कोणी खरं लिहीत नाही."

मला हसू आलं, पण ते खोटं बोलत नव्हते. माझी वीस वर्षांची भाषाच तशी झाली आहे. 'रुग्णास समजावून सांगण्यात आले.' कोणी सांगितलं, काय सांगितलं, रुग्णाला समजलं का, याचा पत्ता त्या वाक्यातून लागू नये अशीच ती बनवलेली असते. मृणाल मॅडम विचारत होत्या की तुम्ही यात कुठे आहात, तेव्हा मला वाटे ही पोरगी पुस्तकातलं बोलते. मी कुठेच सापडू नये म्हणून तर सगळं लॅमिनेट केलं होतं.

तरी लिहिता येईना. 'माझी चूक झाली' असं लिहिलं की ते रडगाणं वाटे, आणि रडगाण्यातही एक हुशारी असते, की बघा मी किती प्रामाणिक. दोन रात्री असेच कागद फाडले. मग तुमचा ओव्हर आठवला.

नवीन होते तेव्हा मी रात्रपाळी संपवून तुमच्यापुढे उभी राहायची आणि घडाघडा म्हणायची, एक नंबरला सलाइन दिलं, दोन नंबरचे टाके काढले. तुम्ही हात वर करून थांबवायच्या. "झालेलं मले दिसून राहिलं. राहिलं काय ते सांग पहिले." आणि ते पेशंटच्या पलंगापाशी, तिला ऐकू जाईल असं सांगायचं. मला तेव्हा फार लाज वाटायची. पण राहिलेलं पुढच्या पाळीला देऊन घरी गेलं की झोप लागायची, हेही खरं आहे.

मी तसंच लिहिलं. पुढच्या पाळीला ओव्हर देते आहे असं समजून. श्रीमती ज., चिमटा शिकवायचा राहिला. घेरी आली तर काय खायचं ते सांगायचं राहिलं. फोनवर विचारलं, बाटली पाहायची राहिली. परीक्षा माझी आहे हे त्यांना सांगायला नको होतं, त्यामुळे त्यांनी त्रास लपवला. मग काय केलं, मग आता काय. दीड पान झालं. 'निरंक'च्या जागी तेच लावलं, वेगळं लिहायला काही उरलं नाही.

जयवंताबाईंची परवानगीही घेतली. त्यांना ते दीड पान वाचून दाखवलं. डोळे झाकून ऐकलं त्यांनी. फोटोत चेहरा झाकावा लागेल म्हटलं तर मात्र चिडल्या.

"काऊन? म्या काय चोरी केली?"

"नियम आहे मावशी. पेशंट ओळखू येऊ नये."

"मंग तुमचंबी झाका."

शेवटी फोटो कापला. आता त्यात चार हात आणि एक संत्रं आहे.

मृणाल मॅडमनी वाचलं. मग म्हणाल्या, "ताई, हे मला शिकवायला वापरू द्याल का?" पण पास-नापास त्यांच्या हातात नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. मागचे एक परीक्षक म्हणे चुका वाचून मार्क कापत. यंदा कोण येणार ते माहीत नाही. मी पान बदललं नाही. भीती मात्र आहे, ती लपवत नाही.

अभिप्रायाचं पान अजून कोरं आहे. मागच्या वेळी 'सहज लिहिलं' असं लिहिलं होतं, ते सहज नव्हतं. मी मागते आहे. नाही म्हणालात तर पान कोरंच लावीन, दुसऱ्या कोणाकडून भरून घेणार नाही.

तुमची,
इंदू


सौसर,
१६ मार्च २०२५

आदरणीय सिस्टर,

पास झाले.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण तुम्ही पत्र उभ्यानं वाचता आणि चष्मा शोधायला कंटाळता.

तुमचं पान परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहोचलं. मी ते सौसरच्या स्टँडवर फोडलं. जन्मभर तुम्ही ओव्हर दिलात त्याच क्रमानं लिहिलं आहे, हे वाचता वाचता लक्षात आलं. 'इंदूचा हात जड आहे. घाईत असली की पेशंटच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघते. मनात धरून बसते, विचारत नाही. मोठ्या रजेवर जाताना आपल्या सिस्टरला सांगत नाही.' इथवर वाचून वाटलं, हे लावू कसं. मग खाली: 'रात्रपाळीत झोपलेली मी पाहिली नाही. चूक दाखवली की दुसऱ्यांदा करत नाही. मी आजारी पडले तर मला हिच्याच वॉर्डात ठेवावे.' आणि सही, खाली हुद्दा, तो खोडून 'निवृत्त' लिहिलेलं.

मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. छिंदवाड्याची एक बस सोडली.

परीक्षक म्हातारे होते, नागपूरकडचे. त्यांनी लाल फाइल उघडली, आता ती निम्मी झाली आहे. आधी तुमचं पान वाचलं, भुवया वर करून. मग चार हातांच्या फोटोपाशी थांबले.

"शिकवणं फसलं, तर हा फोटो का ठेवला?"

"सर, त्या दिवशी मला वाटलं होतं की शिकवलं. कसं वाटलं, ते यात दिसतं. मी संत्र्याकडे बघते आहे."

आता चेहरे कापलेले आहेत, मी कुठे बघते आहे ते त्यांना दिसणार नव्हतं. तरी त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "आम्हीही संत्र्यावरच शिकलो, बाई. पाणी आमचंही सांडायचं. कोणी विचार केला नाही." मृणाल मॅडम खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "या केसमध्ये आता काय उरलं?"

मला तयारी करावी लागली नाही. मी सांगितलं, त्या अजून एकाच मांडीवर घेतात. जागा बदलत राहायला हवी, नाहीतर तिथे गाठ होईल. पोटावर घ्यायला त्या लाजतात, ओसरीत माणसं असतात. दार लावून शिकवायला हवं, आणि ते मी अजून केलेलं नाही.

ते मान हलवत लिहीत होते. निकाल तिथेच सांगत नाहीत, पण काल मॅडमनी फोन करून सांगितलं. मी प्रतीकला सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे चूक कबूल केली तरी पास करतात? मंग आमच्या साहेबांले पाठवा तिथं." आणि रसमलाई आणायला गेले.

काल रात्री इतकी गाढ झोप लागली की होळीच्या राखेवर पोरांचा दंगा चाललेला ऐकूच आला नाही. जूनपासून मी वॉर्डात आहे. वॉर्डाची इन्चार्ज कोणाला करायचं ते ऑफिस ठरवेल. पण माझ्या पाळीचा ओव्हर पलंगापाशी होईल, हे ठरलं आहे. अर्जाचं तुम्हाला मी सांगायला हवं होतं. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. यापुढे विचारत जाईन, असं म्हणते, आणि लगेच विचारते: मे महिन्यात भिलाईला आले तर भेटाल का? रागवायला का होईना.

जयवंताबाईंची साखर परवा उपाशीपोटी एकशे अठरा. चिखल्या सुकल्या. बगीच्यात जाऊ लागल्या, खिशात गुळाचा खडा ठेवतात.

रोजनिशीत आजच्या तारखेखाली एकच ओळ आहे. तीच इथे उतरवते, तुम्हाला ओव्हर म्हणून.

उद्या: तिगाव. जयवंताबाईंना दार लावून पोटावरची जागा दाखवायची राहिली आहे.

तुमची,
इंदू